पहिले दोन तास

धायरीतल्या त्या फ्लॅटची बेल मी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा दार उघडलं ते पँटवरून कमरेला पंचा गुंडाळलेल्या, झुपकेदार मिशांच्या एका धिप्पाड गृहस्थांनी. माझ्याकडे बघून ते अगदी नाजूक, बायकी आवाजात जर्मनमधून काहीतरी म्हणाले. मला तेव्हा जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं. मी दोन पावलं मागे सरकले आणि दारावरची पाटी पुन्हा वाचली. आतून कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ एक बाई ओरडल्या, "अहो, नवीन पोरगी दिसतीय ती, घाबरली ना! नीट मराठीत बोला की जरा!"

हे आमचे जर्मनचे सर. त्या क्षणी ते व्हिएन्नातल्या एका बेकरीत काम करणारी तरुणी झाले होते, हे मला नंतर कळलं. आत एका मुलीची शेवटची परीक्षा चालली होती. सरांच्या परीक्षेत कागद-पेन काही नसायचं. विद्यार्थ्याने जिन्यात जायचं, बेल वाजवायची, आणि दार उघडलं की तो व्हिएन्नाच्या स्टेशनात उतरलेला असायचा. चपलांचा रॅक म्हणजे चौकशीची खिडकी, पॅसेज म्हणजे फलाट, आणि जेवणाचं टेबल म्हणजे स्टेशनाबाहेरची बेकरी. खिडकीतला माणूस सर, पोलीस सर, बेकरीतली मुलगीही सरच. टेबलावर सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, आणून ठेवलेले लादीपाव असत. ते अदबीच्या जर्मनमध्ये मागायचे आणि उभ्यानेच खायचे. उच्चार चुकला की सर कानामागे हात धरत, आणि चुकतच राहिला तर पाव मिळत नसे. "तिथं काय काकू न्हाई समजून घ्यायला," असं मग मराठीत ऐकवत. काकूंना त्या उभ्याने खाण्याचा भारी राग. "बस गं बाई आता, झाली ना परीक्षा!" म्हणत त्या खुर्ची सरकवायच्या.

सरांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्यावर काहीतरी लिही, असं मला पुष्कळांनी सांगितलं, आणि प्रत्येकाला मी हो हो म्हणून टाळलं. कारण सरांबद्दल लिहायचं तर मी काय केलं तेही लिहावं लागणार होतं.

सर मूळ धायरीचेच. ती बिल्डिंग उभी होती तीसुद्धा त्यांच्या घरच्या ज्वारीच्या रानात. थोरल्या भावाने जमीन बिल्डरला दिली आणि सरांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. "आपण बसलोय ना, बरोबर त्याच्या खाली आमची विहीर व्हती," असं ते नव्या मुलांना सांगायचे, आणि मुलं नकळत पाय वर घ्यायची. आयटीआय करून ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. तिथे एक भलंमोठं मशीन बसवायला व्हिएन्नाहून एक म्हातारा कारागीर आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि सरांनाही येत नव्हतं. साहेब लोक दोघांनाही कंटाळले होते, म्हणून त्यांनी या दोघांना एकत्र जुंपून टाकलं. पाना दे, नट आवळ, तेल घाल, अशी सुरुवात झाली. आठ महिन्यांनी मशीन चालू झालं तेव्हा सर जर्मन बोलत होते.

त्या म्हाताऱ्याला सर शेवटपर्यंत 'मायस्टर' म्हणत. आपण उस्ताद म्हणतो तसं. जेवणाच्या सुट्टीत मायस्टर आपल्या गावाचं वर्णन करायचा आणि सर भाकरी खात ऐकायचे. जाताना त्याने व्हिएन्नाचा एक नकाशा आणि एक व्याकरणाचं पुस्तक दिलं, आणि सांगितलं, "एकदा ये. सप्टेंबरात ये. गाडीतून उतर, बाहेरच्या बेकरीत जा, ताजा पाव माग आणि उभ्यानेच खा. मग तुला माझं गाव कळेल." बस, एवढंच. माणसं गुरुमंत्र घेतात तसं सरांनी ते घेतलं. तो नकाशा हॉलमध्ये वडिलांच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी लावलेला होता. घड्या फाटून फाटून त्यावर इतक्या चिकटपट्ट्या मारल्या होत्या, की अर्धी डॅन्यूब नदी त्याखाली गेली होती. तरी सरांना विचारा, या गल्लीतून त्या चौकात कसं जायचं, डोळे मिटून सांगत.

गावात त्यांना 'जर्मन तात्या' म्हणत, आणि ते काही फार कौतुकाने नव्हे. सर रोज सकाळी वॉचमनला "ग्रूस गॉट" म्हणायचे. तोही तितक्याच गंभीरपणे "राम राम तात्या" म्हणायचा. थोरला भाऊ मात्र भर रस्त्यात विचारायचा, "काय, कधी हाय मग विमान?" सर म्हणायचे, "हाय हाय, निघणारच हाय." ही चौकशी तीस-पस्तीस वर्षं चालली. आधी नोकरी, मग दोन बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. विमान काही निघालं नाही. विद्यार्थी मात्र निघत राहिले.

वर्गात सरांचा एकच कडक नियम होता: इंग्रजी चपलांबरोबर बाहेर काढायची. बाकीच्या क्लासमध्ये जर्मन इंग्रजीतून शिकवतात. सर मराठीतून शिकवत, त्यामुळे माझ्यासारखी मराठी शाळेतली, कॉलेजात इंग्रजीने रडवलेली मुलं त्यांच्याकडे गर्दी करायची. स्वारगेटहून बस पकडून, धायरी फाट्याला उतरून, उन्हातून चालत यायची. सरांना इंग्रजी येत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते आम्हाला कमीपणाचं कधी वाटलंच नाही. आम्हाला वाटायचं, सरांना त्या भाषेची गरजच काय!

आणि एक रिवाज होता. जो कुणी व्हिएन्नाला जाईल त्याने पहिल्या दोन तासांचं पत्र लिहायचं. कागदावर, जर्मनमध्ये, पोस्टाने. फोटो नको, फोन नको. पहिले दोनच तास. "तिसऱ्या तासाला माणूस सरावतो," सर म्हणायचे, "मंग त्याला काय दिसत न्हाई." आलेलं पत्र पुढच्या वर्गाला वाचून दाखवलं जाई. वाचताना सरांचा आवाज बारीक व्हायचा. सगळ्या पत्रांत ती बेकरी असायची, आणि बेकरीतल्या बाईने विचारलेलं असायचं, "अहो, इतकं सुंदर जर्मन तुम्हाला कुणी शिकवलं?" तिथे आलं की सर थांबायचे, चष्मा काढून पुसायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू म्हणायच्या, "हो हो, ऐकलं." पण पदराने डोळे टिपायच्या.

नोकरी लागल्यावर तीन वर्षांनी कंपनीने मला व्हिएन्नाला पाठवलं. मी विमानात एकच वाक्य घोकत होते. पाव मागायचं वाक्य.

जानेवारीचा महिना होता. विमानतळावरून गाडीत बसले, तर समोरच्या बाकाखाली एक कुत्रा बसलेला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं, अगदी सदाशिव पेठेत वाढल्यासारखं. स्टेशनाबाहेर आले आणि पहिल्या श्वासालाच नाकाच्या आत गारठा चावला. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, आणि हॉर्न नाही. कान बंद झाले की काय असं वाटून मी मफलर सरकवून बघितला. रस्ता पूर्ण रिकामा, तरी चार माणसं लाल दिव्यासमोर मुकाट उभी. आणि समोर, सरांनी बोट ठेवून शिकवला होता तो रस्ता, तिथेच होता. पुढची गल्लीही तिथेच. मला एकदम भरून आलं. बाई गं, हे सगळं खरंच आहे, असं मी मोठ्याने मराठीत म्हटलं.

मग बेकरी. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे काउंटरवरच्या मुलीला अदबीने 'फ्रॉयलाइन', म्हणजे कुमारी, अशी हाक मारली आणि ते लांबलचक वाक्य एका दमात म्हटलं. मुलीच्या भुवया वर गेल्या. 'फ्रॉयलाइन' ही हाक तिथे कधीच मागे पडली आहे, हे मला पुढे कळलं. मायस्टरच्या काळातली ती. मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "शुअर! एनिथिंग एल्स?"

मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. मी पुन्हा जर्मनमध्ये बोलले. ती पुन्हा इंग्रजीत बोलली. मागच्या माणसाने मदत म्हणून आणखी इंग्रजीत समजावलं. मी पाव घेतला, बाहेर येऊन उभ्यानेच खाल्ला, आणि मला इतकी लाज वाटली की विचारू नका. वाटलं, एवढ्या जणांना बायकांनी विचारलं, कुणी शिकवलं म्हणून. माझंच तेवढं कच्चं राहिलं. मीच सरांचं नाव घालवलं.

हॉटेलवर जाऊन मी पत्र लिहिलं. कुत्रा लिहिला, गारठा लिहिला, लाल दिवा लिहिला. आणि लिहिलं, की बेकरीतल्या बाईने विचारलं, इतकं सुंदर जर्मन तुम्हाला कुणी शिकवलं?

परत आल्यावर एकदा हिंजवडीत, कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर, सरांचाच एक जुना विद्यार्थी भेटला. माझ्याआधी चार वर्षं जाऊन आलेला. चहा पिता पिता मी कसनुसं हसत त्याला खरं सांगितलं. त्याने ग्लास खाली ठेवला. "तुझ्याशी पण इंग्रजीतच? अगं, मला वाटलं फक्त माझ्याशी!" मग आम्ही आणखी दोघांना फोन लावला. तेच. सगळ्यांचं तेच. पहिल्या मुलाच्या पत्रातलं कदाचित खरं असेल. बाकी प्रत्येकाने ते ऐकलं होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की नापास झालेला मी एकटाच. आम्ही टपरीवर पोट धरधरून हसलो. तेव्हा ते गमतीचं वाटलं, खरंच वाटलं.

मग सर सत्तर वर्षांचे झाले. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना व्हिएन्नाचं तिकीट द्यायचं ठरवलं. पुढाकार माझा. मार्चमध्ये वाढदिवसाला तिकीट हातात ठेवलं, आणि जायचं ठरलं सप्टेंबरात, मायस्टरने सांगितलं होतं म्हणून. सरांनी तो कागद आधी वडिलांच्या तसबिरीला दाखवला, मग नकाशाला. मग काकूंना म्हणाले, "निघालं गं विमान." काकू तिथेच खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

आमच्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सांगायचं का गं त्यांना? तिकडे इंग्रजीतच बोलतात म्हणून?" मी म्हटलं, "वेडा आहेस का? आयुष्यभराचं आहे त्यांचं. आणि ते सर आहेत. त्यांच्याशी बोलतील जर्मनमध्ये." हे माझे शब्द आहेत. मी ते विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

ते सहा महिने सर नुसते हवेत होते. धायरीतल्या बेकरीत जाऊन जर्मनमध्ये पाव मागायचे. बेकरीवाला म्हणायचा, "तात्या, लादी का अर्धी?" नवा कोट शिवला. थोरल्या भावाला बोलावून तिकीट दाखवलं, आणि त्याचं विचारणं कायमचं बंद झालं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले, तर सर बॅग भरून कोचावर एकटेच बसले होते. मला म्हणाले, "पोरी, एक इचारू का? माझं बोलणं कळंल ना तिथं लोकांना?"

सत्तर वर्षांचा माणूस, आणि परीक्षेला निघालेल्या मुलासारखे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं मी! मी म्हटलं, "सर, काहीतरीच काय? आम्ही तुमच्याच हाताखाली शिकलो ना? आमचं कळलं, तर तुमचं नाही कळणार?" सर हसले आणि म्हणाले, "ते बी खरं हाय."

तिकडे नोकरीला असलेला आमचा एक मित्र सुट्टीवर आला होता, त्याच्याबरोबर सर गेले. काकू गुडघ्यांमुळे जाऊ शकल्या नाहीत. सरांनी मित्राला बजावलं होतं, विमानतळावर गाडीत बसवून दे, पुढचे दोन तास माझे मी. तो मग दोन तासांनी त्यांना आणायला गेला. पंधरा दिवस राहायचं ठरलं होतं. चौथ्या दिवशी त्याचा मला फोन आला. "सर परत जायचं म्हणतायत. काय झालं ते सांगत नाहीत. आणि ऐक, ते इथे कुणाशीच जर्मन बोलत नाहीत. माझ्याशीसुद्धा नाही." मी फोन ठेवला आणि समजायचं ते समजले.

ते आले त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी धायरीला गेले. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, पण पाय उचलत नव्हता. काकूंनी दार उघडलं. डोळे सुजलेले. हळूच म्हणाल्या, "धड जेवत न्हाईत. पोरं आली क्लासला, तर झोपलेत म्हणून सांग म्हणाले. तू तरी बोल." सर गॅलरीत बसले होते. मला बघून त्यांनी शेजारचा स्टूल पुसला आणि बस म्हणाले.

मग आपणहून सुरू झाले.

"लई देखणं गाव हाय, पोरी. म्हातारा एक शब्द खोटं बोलला न्हाई. मी गाडीतनं उतरलो, आन कुणाला एक रस्ता इचारला न्हाई. नकाशा पिशवीतच व्हता. ह्या कोपऱ्यावर देऊळ असणार म्हटलं, की हायच. तिथल्या झाडांची पानं पिवळी झाल्याली. ऊन बी कसं, मऊ. मी मनात म्हटलं, मायस्टर, आलो बगा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग बेकरीत गेलो."

मी मान खाली घातली.

"चांगली पोरगी व्हती गं. हसून बोलली. पण काय बोलली ते मला कळंना. मी पुन्यांदा इचारलं. ती पुन्यांदा तसंच बोलली. मागं माणसं उभी व्हती. मला घाम फुटला. मग तिनं एक पाव उचलून दाखवला, मी मान हलवली. बोटं दाखवली, दोन. मुक्यावाणी." त्यांनी दोन बोटं वर केली आणि तशीच धरली. "हाटेलात तेच. ट्राममदी तेच. वाईट कोनीच वागलं न्हाई. एक म्हातारी तर हाताला धरून ट्रामपातुर सोडाय आली. पण बोलली इंग्रजीच."

आत काकूंनी नळ बंद केल्याचा आवाज आला. त्या ऐकत होत्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्याशी बी इंग्रजीच बोलले ना?"

खोटं बोलायची माझी शेवटची हिंमत संपली होती. मी म्हटलं, "हो, सर."

"बाकीच्यांशी?"

"सगळ्यांशी."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडत रडत काय काय बोलले, की आम्हाला तुमचं मन मोडायचं नव्हतं, की आम्हाला आमचीच लाज वाटत होती, की आम्हाला वाटलं निदान तुमच्याशी तरी. सर सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अगं, मला सांगायचं ना. इंग्रजी शिकलो असतो की मी."

मी वर बघितलं.

"मार्चपास्नं सप्टेंबरपातुर सहा महिने व्हते," सर म्हणाले. "मशीनवर उभं राहून आठ महिन्यांत एक भाषा शिकलोय मी. पाव मागण्यापुरती दुसरी न्हाई शिकलो असतो?"